सुराची संगत

‘असंगाशी संग आणि प्राणाशी गाठ’ ही म्हण माणसांच्या अनुभवातून निघाली खरी; परंतु ती स्वरांनाही तितकीच लागू पडते. एखादा मुलगा पेटीवर ओळखीची चाल वाजवीत असतो. चाल सोपी, सूर बरोबर, लयही ठीक. पियानो वाजविणाऱ्या कोणाला तरी त्याने पाहिलेले असते, म्हणून त्यालाही हौस वाटते. भाता धाकट्या भावाच्या हाती देऊन तो डाव्या हाताने एकदम तीन पट्ट्या दाबतो आणि चालीला भर घालू लागतो. पहिल्या दोन मात्रा कानाला मोठ्या गोड लागतात. तिसऱ्या मात्रेला मात्र तीच चाल एकाएकी खटकते. जेवताना दाताखाली खडा यावा तशी. उजव्या हाताचे काहीच चुकलेले नसते. चुकलेली असते ती संगत.

एकाच वेळी वाजणाऱ्या आणि परस्परांशी नाते असणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांच्या गटाला स्वरसंघात म्हणतात. वादक मंडळी त्याला ‘कॉर्ड’ म्हणतात, आणि आता तोच शब्द सर्वत्र रूढ झाला आहे. दिलेल्या चालीखाली कोणती कॉर्ड बसेल, ती कोठे बदलावी आणि कोठे मुळीच बदलू नये, हा प्रश्न पेटी, ऑर्गन, गिटार किंवा कीबोर्ड हाती घेणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडतो. पुष्कळांची अशी समजूत असते, की ही केवळ दैवी देणगीची गोष्ट आहे. ज्याला सुचले त्याला सुचले. वस्तुतः तसे नाही. चालीला कॉर्ड शोधण्याची एक सरळ, शिकता येण्याजोगी पद्धत आहे. मात्र त्या पद्धतीच्या शेवटी एक निवड उरते. ती निवड नियमांनी होत नाही. ती कानाने आणि विवेकाने करावी लागते. चालीचा अर्थ तिच्यावरच अवलंबून असतो.

प्रथम कॉर्डची घडण पाहू. षड्ज, गंधार आणि पंचम हे तीन स्वर एकत्र वाजले की जी सुस्थिर, भरीव गोडी निर्माण होते, ती योगायोगाने आलेली नाही. षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरली, तर शुद्ध गंधाराची ३०० आणि पंचमाची ३६० होतात. म्हणजे त्यांचे प्रमाण ४:५:६ असे अगदी सोप्या आकड्यांचे असते. आंदोलनांचे नाते जितके सोपे, तितका मिलाफ कानाला सुखद लागतो. भारतीय श्रोत्याला हा मिलाफ परकाही नाही. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या तारा केवळ पंचम आणि षड्ज यांच्या असतात. तरीही त्यातून गंधार आपोआप उमटतो आणि गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. म्हणजे सा-ग-प ही कॉर्ड तंबोऱ्याच्या पोटात आधीच दडलेली आहे. पेटीवर ती वाजविली की गंधार थोडा चढा लागतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि तिचा गंधार ३०० ऐवजी ३०२ आंदोलनांच्या थोडा वर जातो. हा फरक लहान आहे, पण तयार कानाला तो कळतो.

सा-ग-प या गटात एक स्वर घेतला, पुढचा सोडला, त्यापुढचा घेतला, अशी रीत आहे. तीच रीत सप्तकातील प्रत्येक स्वरापासून चालविली की सात कॉर्ड तयार होतात: सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नी, म-ध-सां, प-नी-रें, ध-सां-गं आणि नी-रें-मं. पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला, तर या सातही कॉर्ड केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर वाजतात. कानाने ऐकले की यांतल्या तीन, म्हणजे सा-ग-प, म-ध-सां आणि प-नी-रें, उजळ आणि भरदार वाटतात. काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या मोजल्या तर यांच्या पहिल्या स्वरापासून दुसरा स्वर चौथ्या पट्टीवर येतो आणि दुसऱ्यापासून तिसरा तिसऱ्या पट्टीवर येतो. यांना मेजर कॉर्ड म्हणतात. रे-म-ध, ग-प-नी आणि ध-सां-गं या तिघींत हे अंतर उलटे असते, आधी तीन आणि मग चार. त्यांचा रंग किंचित झाकोळलेला, गंभीर असतो. षड्जाबरोबर कोमल गंधार आणि पंचम घेतले तर जो भाव येतो तोच. या मायनर कॉर्ड होत. सातवी नी-रें-मं ही मात्र एकटीच अस्थिर आहे. ती जेथे वाजते तेथे थांबू शकत नाही, तिला पुढे जावेच लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. चालीतील एखादा स्वर घेतला, तर तो या सात कॉर्डपैकी किती कॉर्डमध्ये सापडतो? मोजून पाहिले तर प्रत्येक स्वर बरोबर तीन कॉर्डमध्ये असतो. षड्ज हा सा-ग-प मध्ये पहिला आहे, ध-सा-ग मध्ये मधला आहे आणि म-ध-सा मध्ये शेवटचा आहे. पंचम हा प-नी-रे, ग-प-नी आणि सा-ग-प या तिन्हींत आहे. म्हणजे चालीतला प्रत्येक सूर तीन घरांत राहू शकतो. पेटीवरच्या मुलाचा घोटाळा येथेच झालेला असतो. त्याने सा-ग-प एकदा गोड लागली म्हणून ती तशीच धरून ठेवली, आणि चाल मध्यमावर जाऊन थांबली. मध्यमाला त्या घरात जागाच नव्हती. उलट गंधाराशी तो अवघ्या एका पट्टीच्या अंतरावर होता, म्हणून दोघांची टक्कर झाली.

सात कॉर्डमध्ये सुरुवातीला गोंधळून जाण्याचे कारण नाही. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या तीनच कॉर्ड एकत्र केल्या, तरी त्यांत सप्तकाचे सातही स्वर येऊन जातात. त्यामुळे शुद्ध स्वरांतील कोणत्याही सोप्या चालीला या तिघी पुरतात. त्यांचे स्वभाव मात्र ओळखून ठेवावे लागतात. सा-ग-प हे घर आहे. म-ध-सा हे अंगण आहे. तेथे मोकळे वाटते, परंतु घर दूर नाही. प-नी-रे हा परतीचा रस्ता आहे. त्यातला निषाद षड्जाच्या अगदी जवळ असतो आणि त्याची ओढ षड्जाकडे असते. या गटात मध्यम मिसळून प-नी-रे-म अशी चार स्वरांची कॉर्ड केली, तर ओढ दुप्पट होते, कारण निषाद षड्जाकडे आणि मध्यम गंधाराकडे सरकू पाहतो. म्हणूनच अंतऱ्याच्या किंवा ध्रुवपदाच्या शेवटी घरी येण्यापूर्वी ही कॉर्ड घेण्याची चाल पडली.

याप्रमाणे सामग्री हाती आली, म्हणजे कामाचा क्रम ठरविता येतो. पहिले काम चालीचा षड्ज ओळखणे. बहुतेक चाली शेवटी ज्या स्वरावर समाधानाने थांबतात तोच त्यांचा षड्ज असतो. थांबल्यावर गुणगुणत राहिले की तो आपोआप तोंडी राहतो. दुसरे काम जड मात्रा ओळखणे. केरव्यात टाळी पडते ती पहिली मात्रा आणि मधली पाचवी मात्रा या जड असतात. त्यांवर येणारे आणि ज्यांवर चाल जास्त वेळ रेंगाळते असे स्वर हेच खरे मानकरी असून कॉर्ड त्यांना विचारून ठरवावी. तिसरे काम वाटसरू स्वर सोडून देणे. षड्जावरून गंधाराकडे जाताना मध्ये ऋषभ लागतोच; तो वाटेत भेटलेला माणूस आहे, त्याच्यासाठी वेगळी पंगत मांडण्याची गरज नसते. नवशिके वादक प्रत्येक स्वराला नवी कॉर्ड देऊ पाहतात आणि चाल खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीसारखी आदळू लागते. चौथे काम विराम पाहणे. ओळ अर्धवट थांबली आहे की पूर्ण झाली आहे, प्रश्न विचारते आहे की उत्तर देते आहे, यावर शेवटची कॉर्ड ठरते.

एक लहानशी, केवळ उदाहरणादाखल रचलेली चाल घेऊ. आठ-आठ मात्रांच्या चार ओळी आहेत.

पहिली ओळ: सा रे ग ग, म ग रे –
दुसरी ओळ: रे ग म म, प म ग –
तिसरी ओळ: प प ध सां, नी ध प –
चौथी ओळ: प म ग ग, रे नी सा –

चौथ्या ओळीतला निषाद मंद्र सप्तकातला आहे. पहिल्या चार मात्रांत सा आणि ग हे मानकरी आहेत, रे वाटसरू आहे. तेव्हा सा-ग-प निर्वेध बसते. पुढच्या चार मात्रांत जड मात्रेवर मध्यम आहे आणि विराम ऋषभावर आहे. म-ध-सा घेतली तर ऋषभ बाहेर राहतो; प-नी-रे घेतली तर मध्यम बाहेर राहतो. रे-म-ध मध्ये मात्र दोघेही आहेत. म्हणून मध्यमाला रे-म-ध द्यावी, आणि ऋषभावर चाल रेंगाळताच प-नी-रे वर यावे. ओळ तेथे संपत नाही, पुढे जाण्याची अपेक्षा उत्पन्न करते, आणि परतीच्या रस्त्याची ही कॉर्ड ती अपेक्षा बरोबर व्यक्त करते.

दुसऱ्या ओळीच्या आरंभी रे आणि म आहेत. हात प-नी-रे वर आहेच; त्यात मध्यम चालीतूनच मिसळतो आणि चार स्वरांची ती ओढाळ कॉर्ड आयती तयार होते. पुढे ‘प म ग’ येताच सा-ग-प घ्यावी. येथे मध्यम हा पंचमावरून गंधाराकडे उतरताना लागलेला वाटसरू आहे, म्हणून आता तो खटकत नाही. मघाशी ज्या मध्यमाने टक्कर घेतली, तोच येथे निमूटपणे निघून जातो. स्वर तोच, जागा आणि मुक्काम बदलला. तिसऱ्या ओळीत पंचमाला सा-ग-प, ‘ध सां’ ला म-ध-सां आणि ‘नी ध प’ ला प-नी-रे द्यावी. चौथ्या ओळीत पहिल्या चार मात्रांना सा-ग-प, ‘रे नी’ ला प-नी-रे आणि अखेरच्या षड्जाला सा-ग-प दिली की चाल घरी येऊन पोचते.

या सर्व फेरफारांत डाव्या हाताला उड्या माराव्या लागत नाहीत. सा-ग-प वरून म-ध-सा वर जाताना षड्जावरचे बोट जागेवरच ठेवावे आणि ग वरून म वर, प वरून ध वर एकेक पायरी चढावे; गट सा-म-ध असा वाजेल. प-नी-रे वर यायचे तर पंचम तसाच ठेवावा, षड्जावरचे बोट खाली मंद्र निषादावर आणि गंधारावरचे ऋषभावर आणावे. गट नी-रे-प असा होईल. स्वरांचा वरखाली क्रम बदलला, तरी कॉर्ड तीच राहते. झाँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा सिद्धांत पद्धतशीर मांडला, आणि पश्चिमेकडील हार्मनीशास्त्राचा पाया त्यावर उभा राहिला. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच, की समान स्वर धरून ठेवावा आणि बाकीच्यांनी जवळच्या जवळ सरकावे. शेजाऱ्याकडे जाताना कोणी गावाला वळसा घालीत नाही.

येथपर्यंत पद्धत झाली. आता निवड. प्रत्येक स्वराला तीन घरे असतील, तर वरील चालीला वर दिलेली संगत ही एकमेव संगत नव्हे. आरंभीच्या ‘सा रे ग ग’ ला सा-ग-प ऐवजी ध-सा-ग दिली तरी दोन्ही मानकरी स्वर तीत आहेत. शास्त्राची तक्रार नाही. पण ऐकताना चालीच्या तोंडावरचे हसू मावळते. ‘नी ध प’ ला प-नी-रे ऐवजी ग-प-नी दिली, तर जेथे उत्साह होता तेथे हुरहूर येते. सर्वांत चमत्कारिक अनुभव अखेरचा. शेवटच्या षड्जाखाली सा-ग-प न घेता ध-सा-ग घेतली, तर उजवा हात घरी पोचलेला असतो आणि तरीही घराचे दार बंद असते. चाल संपते, पण गोष्ट संपत नाही. उजव्या हाताने एकही स्वर बदललेला नसताना हे घडते. तात्पर्य, कॉर्ड ही सुरामागची केवळ सजावट नव्हे. सूर काय म्हणतो आहे, हे ती ऐकणाऱ्याला सांगत असते.

युरोपातील थोर रचनाकारांनी या शक्तीचा किती जाणीवपूर्वक उपयोग केला, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकाराने १६०१ साली एक प्रेमगीत प्रसिद्ध केले. पुढे त्याच चालीवर ख्रिस्ताच्या यातनांचे भजन गाइले जाऊ लागले. १७२७ साली लाइपझिग येथे योहान सेबास्टियन बाख याची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही भव्य रचना सादर झाली. तीत ही चाल पाच वेळा येते. चाल ओळखीचीच, परंतु संगत प्रत्येक वेळी तीच नाही. ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर ती शेवटची येते, तेव्हा बाखने तिच्याखाली अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकणाऱ्या, कासावीस करणाऱ्या कॉर्ड ठेवल्या आहेत. उपासनेला जमलेल्या साध्या माणसांना चाल पाठ असे. त्यामुळे तिच्यात काय बदलले हे त्यांना सांगावे लागत नसावे. ते थेट काळजाला भिडत असावे.

दुसरे उदाहरण शोपँचे. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चोवीस प्रील्यूडांपैकी चौथ्यात उजवा हात कितीतरी वेळ शेजारच्या दोन पट्ट्यांवरच रेंगाळतो. चाल अशी जवळजवळ नाहीच. डाव्या हाताच्या कॉर्ड मात्र एकेका अर्धस्वराने खाली खाली उतरत जातात, आणि वरचा तोच स्वर दर खेपेस अधिक उदास भासू लागतो. उभा असलेला माणूस तसाच उभा असावा आणि पायांखालची वाळू सरकत जावी, तसे हे आहे. १८४९ साली शोपँच्या अंत्यविधीच्या वेळी ही रचना ऑर्गनवर वाजविली गेली होती.

संगतीत इतके सामर्थ्य असेल, तर रागावर आधारलेल्या चालीला कॉर्ड देणाऱ्याची जबाबदारी फारच वाढते. पाश्चात्य चालीचा षड्ज प्रवासात बदलू शकतो, तेथे ती शोभा समजली जाते. रागाचा षड्ज मात्र तंबोऱ्याने आरंभीच ठरविलेला असतो आणि शेवटपर्यंत तो हलत नाही. शिवाय रागात काही स्वर वर्ज्य असतात. चालीतून ज्यांना दाराबाहेर ठेवले, ते कॉर्डच्या मागल्या दाराने आत आले तर राग राहतोच कुठे?

भूप पाहावा. त्यात सा रे ग प ध हे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. आता वरच्या सात कॉर्ड या कसोटीवर घासल्या, तर म-ध-सा मध्यमामुळे जाते, प-नी-रे निषादामुळे जाते. ग-प-नी, रे-म-ध आणि नी-रे-म याही त्याच कारणाने बाद होतात. उरतात फक्त दोन: सा-ग-प आणि ध-सा-ग. या दोहोंत सा, ग, प आणि ध यांची सोय झाली. बिचाऱ्या ऋषभाला घरच मिळत नाही. घाईचा वादक येथे सरळ प-नी-रे दाबतो आणि भूपाचा बाज क्षणात मोडतो. विचारी वादक निषाद गाळून केवळ प आणि रे हे दोनच स्वर ठेवतो. हे दोघे परस्परांचे षड्ज-पंचम आहेत. त्यांचे नाते भक्कम असते आणि मधली जागा मोकळी राहिल्याने रागाला बाध येत नाही. कॉर्ड अपुरी राहिली, पण भूप पुरा राहिला.

ध-सा-ग या कॉर्डचेही भान ठेवावे लागते. तिच्यावर फार वेळ मुक्काम केला, तर श्रोत्याचा कान धैवतालाच षड्ज मानू लागतो. भूपाचे स्वर धैवतापासून मोजले की सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी असे येतात, म्हणजे धानीचे स्वर. गवयाला हा मूर्च्छनेचा खेळ ठाऊक असतो. तो असा भास क्षणभर घडवून आणतो आणि हळूच परत येतो. पण तो गवयाने जाणून केलेला चमत्कार असतो. तीच गोष्ट साथीदाराने नकळत केली, तर तो अपघात ठरतो.

यमनातील धोका आणखी सूक्ष्म आहे. तेथे सातही स्वर असल्याने वर्ज्यावर्ज्याची भीती नाही. पण मध्यम तीव्र आहे. तीव्र मध्यमाला घर शोधू गेले की रे-म-ध ही कॉर्ड सहज हाताशी येते, आणि मध्यम तीव्र झाल्याने ती आता मेजर होते. तिच्यापाठोपाठ प-नी-रे घेतली, तर कान एकदम फसतो. निषाद जसा षड्जाच्या, तसा तीव्र मध्यम पंचमाच्या दाराशी उभा असतो; त्यामुळे पंचम हाच षड्ज होय असे वाटू लागते आणि यमनाचा खरा षड्ज पोरका होतो. यावर सोपा उपाय असा, की वर काहीही घेतले तरी तळाशी षड्ज सतत वाजत ठेवावा. तळचा षड्ज म्हणजे तंबोऱ्याची आठवण. तो असेपर्यंत वरची रे-म-ध पाहुणी म्हणून शोभते. तो गेला की तीच घरमालकीण होऊन बसते.

आणि काही जागा अशा असतात, की तेथे कॉर्डने गप्पच बसावे. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार एका ठिकाणी स्थिर नसतो. तो झुलत असतो आणि त्या झुलण्यातच त्याचे प्राण आहेत. त्याच्याखाली पट्टीवरचा ठोकळेबाज गंधार दाबला, तर सूर आणि त्याची सावली यांचे भांडण सुरू होते. मींड घेताना गळा दोन स्वरांमधल्या ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर पट्ट्या नसतातच. हिंदुस्थानच्या नभोवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवले होते, त्यामागे हाच मींडेचा आणि श्रुतींचा मुद्दा होता. ती बंदी पुढे उठली आणि पेटी आज साथीला सन्मानाने बसते. कारण चांगला पेटीवादक गळ्याच्या मागोमाग जातो. गळ्यापुढे भिंत उभी करीत नाही. कॉर्ड देणाऱ्यालाही तोच दंडक आहे. अशा जागी सा-प एवढीच जोडी धरावी किंवा हात उचलून घ्यावा.

या दोन जगांतील समेट पुस्तकांत होण्यापूर्वी तो माणसांनी घडवून आणला, आणि त्यात गोमंतकाचा वाटा मोठा आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपी, समूहगान आणि व्हायोलिन यांचे शिक्षण मिळे. मांडो गाताना दुसरा आवाज पहिल्याच्या खाली किंवा वर एक स्वर सोडून चालतो, आणि घुमटाच्या ठेक्यावर हा मिलाफ रंगतो. म्हणजे कॉर्डचा संस्कार तेथे कानावर लहानपणीच होत असे. या परंपरेतील अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. संगीत दिग्दर्शकाने पेटीवर चाल गाऊन दाखवावी आणि गोमंतकीय संयोजकाने तिच्यासाठी व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट यांचे स्वर कागदावर उतरवावेत, अशी ही कामाची वाटणी होती. शंकर-जयकिशन यांच्या चालींचे वाद्यवृंद संयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा हे त्यांपैकी एक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे दुसरे. त्यांनी १९५८ साली रागदारी आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांना एकत्र आणण्यासाठी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. १९७७ सालच्या एका गाजलेल्या चित्रपटगीतात त्यांचे नाव आले, ते त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेल्या वंदनामुळे. गाण्यात नाव ऐकणाऱ्या लाखो लोकांना हे ठाऊकही नव्हते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संयोजकांना फारशी जागा मिळत नसे. त्यांच्या कॉर्डही तशाच असत: गायिकेचा आवाज चालू असेपर्यंत मागे पातळ, सावध, आणि ओळ संपून श्वासाची जागा आली की पुढे येऊन बोलणाऱ्या.

पेटीवरच्या त्या मुलाला या सर्व शास्त्रातून काय सांगावे? त्याने आधी चाल बिनसंगतीची पुनःपुन्हा गावी आणि तिचा षड्ज मनात पक्का करावा. जड मात्रांवरचे आणि विरामाचे स्वर कागदावर लिहून काढावेत, वाटसरूंना सोडून द्यावे. प्रत्येक मानकरी स्वराची तिन्ही घरे वाजवून पाहावीत आणि कोणत्या घरात चालीचा चेहरा खुलतो, कोणत्या घरात तो बदलतो, हे ऐकावे. कॉर्ड कमीत कमी वेळा बदलाव्यात. चाल रागातली असेल, तर प्रत्येक गटात वर्ज्य स्वर शिरलेला नाही ना आणि षड्ज ढळलेला नाही ना, हे पाहावे. शंका वाटेल तेथे मधला स्वर गाळावा. त्याहून शंका वाटेल तेथे हात थांबवावा. एक आठवडा या रीतीने एकच चाल घोटली, तर तिसऱ्या मात्रेला लागलेला तो खडा कोठून आला हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. मध्यम आला की बोटे आपोआप सा-म-ध वर सरकतील, आणि भाता मारणारा धाकटा भाऊही मान डोलावू लागेल.